पासवर्ड चोरायला घरचा माणूस लागत नाही

प्रश्न: पत्रलेखिका ५२ वर्षांच्या आहेत, नोकरी करतात. दोन महिन्यांपूर्वी त्यांच्या ईमेलवरून ओळखीच्या अनेकांना ‘अडचणीत आहे, लगेच पैसे पाठव’ असे मेल गेले. त्याच रात्री त्यांच्या फेसबुक खात्याचा पासवर्डही परस्पर बदलला गेला. त्यांचा पासवर्ड साधासुधा नव्हता. १३ अक्षरी, त्यात मोठी-लहान अक्षरं, आकडे, चिन्ह, सगळं. सगळीकडे तोच, फक्त शेवटचे दोन आकडे वेगळे. ईमेलला आणि काही जुन्या खात्यांना ११, लॅपटॉपला २३. हा २३चा पासवर्ड गेल्या वर्षी त्यांनी भाच्याला सांगितला, कारण लॅपटॉप त्यानेच सुरू करून दिला. ‘बाकीचे आकडे त्याने शोधले असणार.’ मध्यंतरी त्यांना धमकीचा एक मेल आला होता. त्यात ११चा पासवर्ड जसाच्या तसा लिहिला होता. तोही भाच्याचाच उद्योग, असं त्यांना वाटतं. भाचा नाही म्हणतो. भावाशी बोलणं बंद झालं आहे. त्यांनी त्याच लॅपटॉपवरून ईमेलचा पासवर्ड बदलला, तरी मैत्रिणींची उत्तरं त्यांना दिसत नाहीत, ‘म्हणजे तो अजून आत आहे’. त्या विचारतात: भाच्याकडून खरं कसं वदवून घ्यावं? आणि कुणालाही न फुटणारा पासवर्ड कसा करावा?

ताई,

आधी एक तातडीचं काम सांगते, बाकीचं पत्र नंतर वाचलंत तरी चालेल. दुसऱ्या कुणाच्या तरी खात्रीच्या संगणकावरून तुमच्या ईमेलच्या सेटिंग्जमध्ये जा आणि ‘फिल्टर’ किंवा ‘नियम’ असं जिथे लिहिलंय ते उघडा. तुम्ही न बनवलेला एखादा नियम तिथे सापडण्याची बरीच शक्यता आहे. अमुक शब्द असलेला मेल आला की तो वाचलेला दाखवायचा आणि कचऱ्यात किंवा सहसा कुणी न उघडणाऱ्या फोल्डरमध्ये टाकायचा, अशा स्वरूपाचा. खात्यात शिरलेला माणूस हा नियम पहिल्या काही मिनिटांतच करून ठेवतो. तुमच्या मैत्रिणी ‘हा मेल तूच पाठवलास का?’ असं विचारतील आणि तुम्ही सावध व्हाल, ते त्याला नको असतं. पासवर्ड बदलला तरी नियम तसाच राहतो. त्याच्या शेजारीच ‘फॉरवर्डिंग’ असेल, तेही बघा. तुमचा प्रत्येक मेल एखाद्या अनोळखी पत्त्यावर जात असेल तर तो पत्ता तिथे दिसेल. दोन्हीचे फोटो काढून ठेवा आणि मग दोन्ही काढून टाका.

मैत्रिणींची उत्तरं न दिसणं हे भाचा अजून आत असल्याचं लक्षण आहे, असं तुम्ही लिहिलंत. मला ते अशा नियमाचं लक्षण वाटतं.

आता मूळ गोष्ट. तुमच्या दोन्ही प्रश्नांखाली एकच गृहीतक आहे: पासवर्ड आम्हा दोघांनाच माहीत होता, मी तर काही केलं नाही, म्हणजे त्याने केलं. या हिशोबात एक मोठी बाजू मोजायची राहिली. ज्या ज्या साइटवर तुम्ही तो पासवर्ड टाकलात, त्या प्रत्येक साइटला तो कधी ना कधी कळला होता. फोटो छापून देणारी साइट, एखादी खरेदी, एखादा ऑनलाइन वर्ग, दहा वर्षांपूर्वी एकदाच उघडून विसरलेलं खातं. त्यातल्या एकाच ठिकाणी चोरी झाली की पुरतं. ती बातमी तुमच्यापर्यंत आली नाही, म्हणून चोरी झाली नाही असं होत नाही.

तो धमकीचा मेल पुन्हा काढून वाचा. ‘तुझा पासवर्ड हा आहे, तुझ्या कॅमेऱ्यातून मी तुझं चित्रण केलंय, बिटकॉइनमध्ये पैसे दे, नाहीतर सगळ्यांना पाठवीन’, साधारण असाच मजकूर असेल. असे मेल २०१८पासून जगभर घाऊक प्रमाणात जात आहेत. कुठल्यातरी साइटवरून चोरीला गेलेली यादी घ्यायची, प्रत्येकाच्या मेलमध्ये त्याचा त्याचा पासवर्ड भरायचं काम प्रोग्रॅमवर सोपवायचं आणि लाखोंना पाठवून द्यायचे. चित्रण वगैरे काही नसतं. पासवर्ड मात्र खरा असतो. माणूस घाबरतो तो त्यामुळेच.

आणि त्यात होता ११चा पासवर्ड. भाच्याला तुम्ही सांगितला होता २३चा. ही तफावत तुम्हीच पत्रात लिहिलीत, पण तिच्याकडे नीट पाहिलं नाहीत असं मला वाटतं. तो मेल तुम्हाला भाच्याविरुद्धचा पुरावा वाटला, पण त्यातून दिसतं ते उलटंच: ११चा पासवर्ड एखाद्या जुन्या खात्यातून फुटून अनोळखी माणसांच्या हाती आधीच पोचला होता. ईमेललाही तोच होता. म्हणजे काही ओळखायची, शोधायची गरजच उरली नाही. ईमेल उघडल्यावर फेसबुकचा पासवर्ड माहीत असावा लागत नाही. ‘पासवर्ड विसरलात?’ दाबायचं, नवीन पासवर्डची लिंक त्याच ईमेलवर येते. म्हणून दोन्ही खाती एकाच रात्रीत गेली.

एका साइटवर फुटलेला पासवर्ड दुसऱ्या शेकडो साइटवर लावून बघणं हा आज खाती चोरण्याचा अगदी रुळलेला मार्ग आहे आणि तो सगळा यंत्राच्या हाती आहे. त्यात तुम्ही कोण, कुठल्या, कशा, याच्याशी कुणालाच देणंघेणं नसतं. लिंक्डइन या नोकरी-व्यवसायाच्या ओळखींच्या साइटवर २०१२ साली चोरी झाली. तेव्हा ६५ लाखांच्या आसपास पासवर्ड बाहेर आले असं समजलं गेलं. चार वर्षांनी, २०१६मध्ये, त्याच चोरीतली सुमारे ११ कोटी ७० लाख ईमेल-पासवर्डांची यादी विक्रीला आली. चोरी आणि तिचा त्रास यांच्यात इतकी वर्षं जाऊ शकतात. ऑनलाइन फाइली साठवून देणाऱ्या ड्रॉपबॉक्समध्ये २०१२ला शिरकाव झाला तो त्यांच्याच एका कर्मचाऱ्याने दुसरीकडचा पासवर्ड कंपनीच्या खात्याला वापरला होता म्हणून. तंत्रज्ञानात मुरलेल्या कंपनीत हे घडतं, मग तुम्ही स्वतःला ‘मूर्ख’ म्हणवून घेण्याचं काही कारण नाही. पत्रात तो शब्द तीनदा आलाय. तो खोडून टाका.

‘पण पासवर्ड अवघड होता ना’ याचंही उत्तर द्यायला हवं. अवघडपणा एकाच तऱ्हेच्या हल्ल्यात कामाला येतो: कुणी अंदाज बांधत असेल तेव्हा. नीट चालवलेली साइट तुमचा पासवर्ड जसाच्या तसा साठवत नाही, त्याचा हॅश साठवते. हॅश म्हणजे पासवर्डवरून गणिताने काढलेली एक खूण, जिच्यावरून उलट मागे जाता येत नाही. चोर मग अंदाजांचे हॅश काढून चोरलेल्या यादीशी ताडून बघतो, स्वतःच्या संगणकावर, सेकंदाला कोट्यवधी. इथे लांब आणि खरोखर विस्कळीत पासवर्ड टिकतो. पण माणसं ‘अवघड’ करायला गेली की एकाच पद्धतीने करतात: पहिलं अक्षर मोठं, मग नाव किंवा शब्द, मग साल, शेवटी एक चिन्ह. चोरांच्या प्रोग्रॅमना हा साचा पाठ असतो. ‘ए’च्या जागी ॲटचं चिन्ह (@), ‘ओ’च्या जागी शून्य, हेही पाठ असतं. शेवटचे दोन आकडे बदलणं म्हणजे त्यांच्या दृष्टीने फक्त शंभर शक्यता. आणि साइटच निष्काळजी असेल तर काहीच उपयोग नाही. रॉकयू नावाच्या कंपनीचे ३ कोटी २० लाख पासवर्ड २००९मध्ये चोरीला गेले ते साध्या, वाचता येणाऱ्या मजकुरात ठेवलेले होते. तिथे तीस अक्षरी पासवर्डवाल्याचंही तेच झालं जे ‘१२३४५६’वाल्याचं झालं.

तुमच्या बाबतीत गळतीच्या यादीचा माग इतका स्पष्ट आहे की मी तिच्यावरच बोट ठेवते. पण आणखी दोन वाटा सांगायलाच हव्यात, कारण हे वाचणाऱ्या बऱ्याच जणांची खाती त्या वाटांनी जातात.

पहिली, बनावट पानं. पूर्वी ती ओळखू यायची, भाषा मोडकीतोडकी असायची. आता चोर खऱ्या साइटचं पान जिवंतपणे मध्ये उभं करतात. तुम्हाला मेल येतो, ‘खात्यात संशयास्पद हालचाल, लगेच तपासा’. दाबलंत की हुबेहूब लॉगिनचं पान. तुम्ही पासवर्ड टाकता, मधला प्रोग्रॅम तो त्याच क्षणी खऱ्या साइटवर टाकतो. खरी साइट तुम्हाला खरा ओटीपी पाठवते. तो तुम्ही बनावट पानावर टाकता, तोही पुढे जातो. तुम्ही खात्यात पोचता, सगळं ठीक दिसतं, आणि तुमच्या नावाने चालू झालेलं सत्र, म्हणजे उघडं राहिलेलं लॉगिन, चोराच्या हातात राहतं. ओटीपी असूनही खातं कसं गेलं, असं विचारणारी पत्रं मला सतत येतात. त्यातल्या बऱ्याच पत्रांचं उत्तर हे असतं.

याला तोड म्हणून स्पेलिंगच्या चुका शोधत बसू नका. मेलमधल्या लिंकवरून लॉगिन करायचंच नाही, एवढं ठरवा. नेहमीचं ॲप उघडा किंवा पत्ता स्वतः टाइप करा. खरंच काही गडबड असेल तर खात्यात शिरल्यावर तिथे दिसेलच.

दुसरी वाट म्हणजे संगणकात शिरलेला चोर-प्रोग्रॅम. फुकटातलं सॉफ्टवेअर, पैसे न भरता मिळवलेली महागडी सॉफ्टवेअर, खेळांच्या ‘चीट’ फाइली यांच्या पोटात तो येतो. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड उचलतो, शिवाय कुकीज उचलतो. कुकी म्हणजे ‘हिने मघाशीच लॉगिन केलंय’ अशी ब्राउझरने जपलेली खूण. ती हाती आली की चोराला पासवर्डही लागत नाही आणि ओटीपीही नाही. रेडलाइन, लुमा ही अशा प्रोग्रॅमांची गाजलेली नावं. २०२४ आणि २०२५मध्ये त्यांच्यावर मोठ्या आंतरराष्ट्रीय कारवाया झाल्या, पण हा धंदा अजून चालूच आहे. तुमच्या लॅपटॉपमध्ये असं काही आहे की नाही ते मला इथून सांगता येणार नाही. म्हणूनच सुरुवातीला ‘दुसऱ्या कुणाच्या तरी संगणकावरून’ म्हटलं. आजारी लॅपटॉपवर बदललेला नवा पासवर्डही चोराकडेच जातो. जाणकाराकडून तो तपासून घ्या आणि शंका उरली तर कागदपत्रं-फोटो बाजूला काढून सगळी यंत्रणा नव्याने टाकून घ्या.

आता भाचा.

घरातलं माणूस कधीच असं करत नाही, असं मी म्हणणार नाही. करतात. पण त्याची धाटणी वेगळी असते. जवळचा माणूस बहुतेक वेळा गुपचूप वाचतो, नजर ठेवतो, कुणाशी काय बोलणं चाललंय ते बघतो. सगळ्या ओळखीच्यांना एकाच मजकुरात पैसे मागणं ही घाऊक चोरांची रीत आहे. (नवरा किंवा जोडीदार असा पहारा ठेवतोय अशी शंका असलेल्या वाचकांनी मात्र घाईने पासवर्ड बदलू नये. अचानक दार बंद झालेलं पाहून तो चिडू शकतो. आधी विश्वासातल्या माणसाच्या फोनवरून मदत मिळवा, सुरक्षित राहण्याची व्यवस्था करा, मग खात्यांना हात लावा.)

तुमच्यापुढे तीन रस्ते आहेत. पुरावा मिळेपर्यंत थांबणं, विषय न काढता आपोआप निवळेल म्हणून वाट बघणं, किंवा आत्ताच त्याला फोन करणं. पहिला रस्ता न्यायाचा वाटतो, पण कुठून लॉगिन झालं याची नोंद बऱ्याच सेवा थोडेच दिवस दाखवतात आणि तुमच्या प्रसंगाला दोन महिने झालेत. नोंद असेल तर जरूर बघा, पण ती मिळेलच असं नाही आणि तोवर मुलाने आरोप डोक्यावर घेऊन फिरायचं, हे मला पटत नाही. दुसऱ्या रस्त्यात तो कायम ‘ज्याच्यावर संशय होता तो’ राहतो. मी तिसरा रस्ता धरला असता. ‘वदवून घेणं’ मनातून काढा. न केलेली गोष्ट कुणी कबूल करत नाही, आणि दबावाने केलीच तर ती आणखी वाईट. सरळ म्हणा: ‘मी तुझं नाव घेतलं, ते चुकलं. माझा जुना पासवर्ड दुसरीकडून फुटला होता, तो मेल त्याच यादीतला दिसतोय.’ पुढे ‘पण’ जोडू नका. आणि हे भावासमोर म्हणा, कारण आरोपही त्याच्यासमोरच झाला होता.

पासवर्डचं सांगते. कुणालाही न फुटणारा एक पासवर्ड, हा शोधच सोडा. हवे आहेत ते प्रत्येक खात्याला वेगळे, एकमेकांशी काही नातं नसलेले पासवर्ड. इतके डोक्यात राहणार नाहीत, राहूही नयेत. त्यासाठी पासवर्ड मॅनेजर असतो. तो लांबलचक, अर्थहीन पासवर्ड स्वतः बनवतो, साठवतो आणि भरतो. तुम्ही लक्षात ठेवायचा तो फक्त त्याचा मुख्य पासवर्ड: एकमेकांशी संबंध नसलेले पाच-सहा शब्द, अवतरण किंवा गाण्याची ओळ नको. मॅनेजरचा आणखी एक फायदा मला फार मोलाचा वाटतो. तो साइटचा पत्ता ताडून बघतो, त्यामुळे बनावट पानावर तो पासवर्ड भरतच नाही. नेहमी आपोआप भरणारा चौकोन एखाद्या दिवशी रिकामा राहिला तर हातानं टाइप करू नका, थांबा आणि पत्ता बघा. मॅनेजर झेपत नसेल तर घरात जपून ठेवलेली कागदी वही चालेल. जगाच्या दुसऱ्या टोकाला बसलेला चोर ती वही उघडू शकत नाही.

दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदलायची शिस्त लावून घेऊ नका. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक ठरवणाऱ्या संस्थेने २०१७मध्येच असं ठरावीक मुदतीने बदलायला लावण्याविरुद्ध सल्ला दिला. सक्तीने बदलायला लावलं की माणसं तुमच्यासारखेच शेवटचे आकडे बदलतात. फुटल्याचं कळलं की मात्र लगेच बदला. ते कळण्यासाठी सुरक्षातज्ज्ञ ट्रॉय हंट यांनी २०१३मध्ये सुरू केलेली ‘हॅव आय बीन पोन्ड’ ही साइट आहे. तिथे फक्त तुमचा ईमेल पत्ता टाका, तो कुठल्या कुठल्या गळत्यांमध्ये आला आहे ते दिसेल. तुमच्या ११चा उगम बहुधा तिथेच सापडेल.

शिवाय दुहेरी पडताळणी चालू करा, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक खूण मागितली जाईल. एसएमएसवर येणारा ओटीपी काहीच नसण्यापेक्षा कितीतरी बरा, पण तुमचा नंबर स्वतःच्या सिमवर फिरवून घेणारे चोर असतात. ट्विटरचे तेव्हाचे प्रमुख जॅक डॉर्सी यांचं खातं २०१९मध्ये त्यांचा फोननंबर असाच बळकावून वापरलं गेलं. म्हणून कोड देणारं ॲप घ्या. फोनवर ‘हे तुम्हीच आहात का?’ असं विचारणारी सूचना आली आणि तुम्ही लॉगिन करत नसाल, तर कितीही वेळा आली तरी ‘हो’ दाबू नका. २०२२मध्ये उबर कंपनीत असाच शिरकाव झाला, सूचनांचा मारा करून एका माणसाला कंटाळवून. ईमेलसारख्या महत्त्वाच्या खात्याला मात्र पासकी (पासवर्डऐवजी फोनमध्ये किंवा संगणकात साठवलेली डिजिटल किल्ली) किंवा सुरक्षा-किल्ली (तेच काम करणारं, संगणकाला किंवा फोनला जोडायचं छोटं उपकरण) लावा. ती खऱ्या साइटच्या पत्त्याशी बांधलेली असते, मधल्या बनावट पानाला तिचा उपयोग होत नाही. गूगलने आपल्या ८५ हजारांवर कर्मचाऱ्यांना २०१७पासून अशा किल्ल्या सक्तीच्या केल्या, आणि त्यानंतर एकाही कर्मचाऱ्याचं कामाचं खातं फसवून बळकावल्याची नोंद नाही, असं त्यांनी २०१८मध्ये सांगितलं.

कामाचा क्रम असा ठेवा. सगळ्यात आधी ईमेल: नवा पासवर्ड, मग ‘सर्व उपकरणांवरून बाहेर पडा’, मग खातं परत मिळवण्यासाठी दिलेला फोननंबर आणि पर्यायी पत्ता तुमचाच आहे ना ते बघा. चोर तिथे स्वतःचा घालून ठेवतात आणि महिनाभराने परत येतात. खात्याला जोडलेली अनोळखी ॲप काढून टाका. त्यानंतर बँक, मग फेसबुक, मग बाकीचं. ११, २३ आणि त्यांची सगळी भावंडं कायमची बाद. वापरात नसलेली जुनी खाती सापडतील तशी बंद करा. हे एका बैठकीत होणार नाही, आठवडाभर लागला तरी हरकत नाही. ईमेल मात्र आजच.

ज्यांना पैसे मागणारे मेल गेले त्या सगळ्यांना फोनवरून किंवा मेसेजने कळवा की तो मेल तुमचा नव्हता, त्यातल्या कुठल्याही लिंकवर जाऊ नये. कुणी पैसे पाठवले असतील तर त्यांनी त्यांच्या बँकेला आणि पोलिसांच्या सायबर विभागाला लगेच कळवावं, इतके दिवस गेले म्हणून सोडून देऊ नये. तुमचीही तक्रार नोंदवा. नियमाचा आणि फॉरवर्डिंगच्या पत्त्याचा जो फोटो काढून ठेवाल, तो आणि तो धमकीचा मेल, दोन्ही तक्रारीसोबत द्या.